मोफत हाडं तपासणी आणि मावशीच्या नावावरचं कर्ज

ठाण्यात माजिवड्याच्या एका सोसायटीत पुन्हा 'साठीपुढच्या महिलांसाठी हाडं व स्नायू तपासणी, मोफत' असा फलक लागलाय, म्हणून हे लिहितेय. घोडबंदर रोडला मावशी राहते तिथे असंच शिबिर झालं होतं. मावशी ६८ वर्षांची, निवृत्त शिक्षिका, हिशेबाला पक्की. तेव्हा 'म्हातारी भोळी होती' असं कुणी म्हणू नये.

क्लब हाऊसमध्ये टेबलं मांडलेली, पांढरे कोट घातलेली मुलं-मुली. टाचेला जेल लावून पाय यंत्रात ठेवायचा, थोड्या वेळात कागद हातात. मावशीच्या हाडांचा आकडा उणे २.७, लाल पट्ट्यात. मग अनवाणी एका वजनकाट्यावर उभं केलं आणि सांगितलं, "आई, तुमचे मसल्स गेलेत. बाथरूममध्ये एकदा पाय घसरला की खुबा मोडलाच समजा. मग अंथरूण." शेजारच्या काकूही लाल, वरच्या मजल्यावरच्या आजीही लाल. हिरव्या पट्ट्यात कुणी आल्याचं ऐकिवात नाही.

यातली खरी लबाडी अशी की ते सांगत होते त्यातलं बरंचसं खरं होतं. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे हार्मोन घटतं आणि सुरुवातीच्या काही वर्षांत हाडं झपाट्याने विरळ होतात. वयाबरोबर स्नायूही झडतात, डॉक्टर त्याला सार्कोपेनिया म्हणतात. पायांत ताकद नसली की तोल सावरत नाही, आणि विरळ हाड साध्या पडण्यानेही मोडतं. हे सगळं ऐकून बाईला आपली आई आठवते, खुबा मोडलेली आत्या आठवते, आणि पुढचं सगळं पटत जातं.

पण टाचेचं ते यंत्र अल्ट्रासाऊंडचं असतं. पुढची तपासणी हवी का, एवढा अंदाज त्यावरून घेतात. उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ होण्याचा आजार, ही रेषा खुब्याच्या आणि मणक्याच्या डेक्सा स्कॅनची, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या एक्स-रे तपासणीची आहे. ती टाचेच्या आकड्याला लावायची नसते. वजनकाट्यासारखं यंत्र अंगातून बारीक वीज सोडून स्नायूंचा अंदाज बांधतं. पाणी किती प्यायलात, कधी जेवलात, यावर तोही हलतो.

मग पॅकेज आलं. ७२,००० रुपये, 'आजच नाव नोंदवलंत तर' ५४,०००. वर्षभर केंद्रात जाऊन थरथरणाऱ्या प्लेटवर उभं राहायचं, शिवाय दर महिन्याला पावडरचा डबा. "बिनव्याजी हप्ते आहेत, आई. फक्त आधार आणि पॅन दाखवा." त्या मुलाने मावशीचा मोबाइल स्वतःच्या हातात घेतला आणि आलेले ओटीपी स्वतःच भरले. मावशीला वाटलं, केंद्राचीच फी आपण महिन्याला ३,००० करून देतोय. प्रत्यक्षात एका फायनान्स कंपनीने १८ हप्त्यांचं कर्ज तिच्या नावावर काढून सगळी रक्कम केंद्राला देऊन टाकली होती. इंग्रजीतला मेसेज जाहिरातींच्या गर्दीत पडून होता.

प्लेटवर उभं राहून तिची कंबर दुखायला लागली. "सवय होईल," म्हणाले. तीन महिन्यांनी त्याच यंत्रावर पुन्हा पाय ठेवायला लावला, आकडा उणे २.१, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हाडांत एवढ्या लवकर मोजण्याजोगा फरक पडत नाही; डॉक्टर डेक्सासुद्धा साधारण वर्षा-दोन वर्षांनी परत करायला सांगतात. पावडरच्या डब्यावर बारीक अक्षरांत 'औषधी वापरासाठी नाही' या अर्थाची ओळ होती. ती वाचूनच मावशीने मला फोन केला.

हाडांच्या डॉक्टरांनी डेक्सा करून घेतला. खुब्याचा आकडा उणे १.६, म्हणजे हाडं थोडी विरळ, ऑस्टिओपोरोसिस नाही. पण त्यांनी आणखी एक गोष्ट केली, जी शिबिरात कुणाला सुचली नव्हती: हात छातीवर बांधून खुर्चीतून पाच वेळा उठायला लावलं. २०१९ च्या आशियाई निकषांनुसार याला १२ सेकंद किंवा जास्त लागले तर स्नायूंकडे लक्ष द्यायला हवं. मावशीला १७ लागले. म्हणजे दुखणं खरंच होतं, आणि ५४,००० घेणाऱ्यांनी ते कधी मोजलंच नव्हतं!

स्नायूला आणि हाडाला भार लागतो. नुसतं थरथरत उभं राहिल्याने तो मिळत नाही. आता फिजिओथेरपिस्ट तिच्याकडून खुर्चीतून उठबस, भिंतीला टेकून दंड, ओटा धरून एका पायावर उभं राहणं आणि हळूहळू वाढवत नेलेली वजनं करून घेतात. ऑस्ट्रेलियात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत हाडं विरळ झालेल्या, पाळी गेलेल्या बायकांनी देखरेखीखाली आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास जड वजनं उचलली होती आणि आठ महिन्यांत त्यांच्या मणक्याची घनता वाढली. देखरेखीखाली, हे महत्त्वाचं. घरी एकटीने सिलिंडर उचलायला जाऊ नका.

पैशांचं सांगते. केंद्र म्हणालं, "फॉर्मवर सही आहे, पैसे परत मिळत नाहीत." फायनान्सवाले म्हणाले, "ते केंद्राशी बोला, हप्ता चालूच राहील." रागाने हप्ता थांबवू नका, बाउन्सचा दंड लागतो आणि सिबिल, म्हणजे कर्जासाठीची आपली पत, खराब होतं. आम्ही दोघांनाही लेखी तक्रार पाठवली, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली, आणि कंपनीने ३० दिवसांत दाद दिली नाही तेव्हा रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार केली. उरलेले हप्ते रद्द झाले. आधी भरलेले पैसे मात्र परत आले नाहीत, त्यासाठी ग्राहक आयोगात जायचं चाललंय. अशा कर्जातून सुरुवातीच्या ठरावीक मुदतीत दंड न भरता बाहेर पडता येतं, तेवढ्या दिवसांचं व्याज देऊन मुद्दल फेडायचं. मुदत करारात लिहिलेली असते. कुणी आत्ताच सही केली असेल तर आजच तो कागद काढून बघा. आणि कर्ज बंद झालं की 'नो ड्यूज'चं, म्हणजे आता काही देणं उरलं नाही असं, पत्र मागून घ्या, ते आपणहून पाठवत नाहीत.