हॅमस्टर की गिनी पिग? कोल्हापूरच्या हवेचा हिशेब

पोरांनी हट्ट धरला आणि घरात छोटा प्राणी आणायचं ठरलं, की गाडी या दोघांवर येऊन थांबते. बहुतेकांना धास्ती थंडीची. ‘हॅमस्टर थंडीत मेल्यासारखा पडतो म्हणे.’ पडतो, खरं आहे. पण कोल्हापुरात निर्णय एप्रिल-मे बघून घ्यावा, डिसेंबर बघून नव्हे.

प्राणी जितका लहान, तितकी वजनाच्या मानाने कातडी जास्त, त्यामुळे अंगातली उष्णता झपाट्याने जाते. ती भरून काढायला सतत खावं लागतं. ते परवडेनासं झालं की काही प्राणी अंगातली आचच मंद करतात. सोनेरी सीरियन हॅमस्टर त्यातलाच. एरवी ३७ अंशांच्या आसपास असलेलं त्याचं अंग शीतनिद्रेत ५-६ अंशांपर्यंत उतरतं आणि मिनिटाला शेकड्यांनी पडणारे हृदयाचे ठोके मोजकेच उरतात. तीन-चार दिवसांनी तो आपणहून जागा होतो, साठवलेलं खातो, पुन्हा झोपतो. जागं होताना खांद्यांजवळची तपकिरी चरबी जळते. आधी डोकं आणि छाती तापते, मागचे पाय सगळ्यात शेवटी.

एवढं घडायला मात्र कित्येक आठवडे कडक गारठा आणि आखूड दिवस लागतात. आपल्याकडे पहाटे पारा १४-१५ वर आला तरी दुपारी घाम फुटतो. सर्वांत लहान दिवससुद्धा ११ तासांचा. बुटका सायबेरियन हॅमस्टर शीतनिद्रा घेत नाही, हिवाळ्यात दिवसातले काही तास अंग गार करतो. त्यालाही मुख्य इशारा मिळतो तो आखूड दिवसाचाच.

तरीही सकाळी हॅमस्टर गार लागला तर लगेच खड्डा खणू नका. अंग लवचिक आहे का, मिशा थरथरतात का, बराच वेळ बघत राहा. श्वास फार सावकाश असू शकतो. कापडात गुंडाळून हळूहळू ऊब द्या आणि जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. इथल्या हवेत कारण आजारपणाचं असण्याचीच शक्यता जास्त.

गिनी पिग मूळचा अँडीजकडचा. त्याला शीतनिद्रा ठाऊकच नाही, अंग बारमाही ३८-३९ अंश. १८ ते २४ अंशांत तो खूश, तिशीपुढे मात्र धोका. अंगभर दाट केस आणि घाम जवळजवळ नाहीच, त्यामुळे उष्णता बाहेर टाकायची सोय तोकडी. कान गरम, तोंडाला लाळ आणि पोट फरशीला टेकून आडवा पडला, तर उष्माघात समजा. उन्हाचा त्रास हॅमस्टरलाही होतोच, पण खोल भुसा दिला तर तो दिवसभर त्यात बीळ करून झोपतो.

म्हणून पत्र्याचं घर किंवा वरच्या मजल्यावरची तापणारी खोली असेल तर गिनी पिग नकोच. तिथे हॅमस्टर एक वेळ चालेल, तोही सगळ्यात गार कोपऱ्यात. तळमजला, शहाबादी फरशी, वारा खेळता असेल तर माझं मत गिनी पिगला: दिवसा जागा, शीळ घालून हाक मारणारा, ओल्या वैरणीवर वाढणारा. वैरणीची आपल्याकडे ददात नाही, फक्त फवारणी झालेली नको. सोबत ढोबळी मिरची रोज द्यायची, कारण क जीवनसत्त्व त्याच्या शरीरात तयार होत नाही. आणायचे तर दोन आणा, एकटा झुरतो. सीरियन हॅमस्टरचं उलटं; एका पिंजऱ्यात दोन ठेवले की रक्त निघेपर्यंत भांडतात.