बाळाच्या डोळ्यातली पांढरी चमक: ॲप की डॉक्टर?
रेटिनोब्लास्टोमा म्हणजे डोळ्यातला कॅन्सर, फ्लॅशच्या फोटोत बाहुली लाल दिसायच्या ऐवजी पांढरी चमकते. टेक्सासच्या ब्रायन शॉ यांच्या मुलाला तो झाला, नंतर जुने फोटो चाळले तर 12 दिवसांच्या बाळाच्या फोटोतही ती चमक होती! मग त्यांनी क्रेडल ॲप काढलं, एआय मोबाईलमधले फोटो तपासतं. 2019 च्या अभ्यासात डोळ्यांचे आजार असलेल्या 20 पैकी 16 मुलांमध्ये निदानाच्या सरासरी 1.3 वर्षं आधीच चमक सापडली, म्हणजे भारीच की. पण 4 सुटलीच ना, आणि मोतीबिंदूनेही बाहुली पांढरी दिसते, कधी नुसत्या फ्लॅशच्या कोनानेही.
डॉक्टर थेंब टाकून बाहुली मोठी करून आख्खा पडदा बघतात, लहानग्याला कधी भूल द्यावी लागते, कटकट आहे पण खात्री तिथेच होते. मी तर ॲप ठेवेन, पण ते गप्प बसलं म्हणून तपासणी टाळणार नाही.