मंगळ बाजारातलं गंगावनवालं दुकान: एलिझाबेथन हेअरस्टाईल करताय तर सामान इथूनच घ्या

वडोदऱ्यात हेअरचा कोर्स करणाऱ्या कुणाला पिरियड स्टाईलचं असाइनमेंट मिळालं असेल, आणि त्यातही एलिझाबेथन, म्हणजे इंग्लंडची राणी एलिझाबेथ पहिली हिच्या काळातली असेल, तर ऑनलाईन कार्ट भरायच्या आधी एकदा मंगळ बाजारात जाऊन या. लहेरीपुरा दरवाज्यातून आत शिरायचं आणि बांगड्या-बटव्यांच्या गर्दीतून पुढे चालत राहायचं, एका बोळाच्या तोंडाशी अरुंद दुकान आहे, बाहेर काळी-तपकिरी गंगावनं लोंबत असतात. त्यावरूनच ओळखायचं, कारण पाटी बहुतेक वेळा चणियाचोळीच्या लटकनांमागे झाकलेली असते. काका गल्ल्यावर बसतात आणि सामान काकी दाखवतात. खरं ज्ञान काकींकडे आहे.

आमचं ब्रीफ असं होतं की इतिहासातला एक काळ घ्या, त्या काळच्या केशरचनेचा नीट अभ्यास करा आणि आजची मुलगी खरंच लग्नाला, पार्टीला, गरब्याला करून जाईल अशा तीन स्टाईल डिझाईन करा. नाटकातल्या राणीसारखं दिसलं तर मार्क नाहीत, आणि मोती लावलेला साधा अंबाडा केला तरी नाहीत. मी एलिझाबेथ पहिलीचा काळ घेतला, १५५८ ते १६०३. बऱ्याच जणींनी मला सांगितलं की त्यात काय आहे, कुरळे केस आणि गळ्यात ती चुण्यांची मोठी कॉलर. पण त्या काळच्या राणीच्या पोर्ट्रेट्सकडे हेअरवाल्याच्या नजरेने बघा, मग कळतं की तो सगळा खेळ आतल्या सांगाड्याचा आहे. कानशिलांवरचे केस सरळ वर उचललेले, दोन्हीकडे गोल फुगवटा आणि मधे कपाळाकडे उतरणारं टोक, पत्त्यातल्या बदामासारखा आकार. हे नुसत्या केसांनी होतच नाही. त्या काळी बायका आत भरलेल्या गुंडाळ्या ठेवायच्या, तारेच्या चौकटी बसवायच्या, वरून खोटे केस लावायच्या. १५८३ मध्ये फिलिप स्टब्ज नावाच्या माणसाने बायकांच्या फॅशनवर भयंकर चिडून लिहिलंय, त्यात तो म्हणतो की एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत केस मांडतात आणि खालून काट्यांनी, तारांनी टेकू देतात. त्याला शिव्याच घालायच्या होत्या, पण आपल्यासाठी ती चक्क मटेरियल लिस्ट आहे!

आणि ही लिस्ट घेऊन गेलात तर या दुकानात सगळं मिळतं, म्हणून हा रिव्ह्यू.

सगळ्यात आधी स्टफिंग. बाजारात सगळीकडे स्पंजचे डोनट मिळतात, मागच्या बनला ते ठीक आहेत, पण बदामाच्या आकाराला अजिबात उपयोगाचे नाहीत, कारण स्पंजमध्ये पिन घट्ट बसत नाही, हळूहळू सरकत बाहेर येते आणि पुढचे केस पातळ असतील तर स्पंज दिसतो तो वेगळाच. या दुकानात केसांचंच स्टफिंग मिळतं, म्हणजे तुटक केस जाळीत भरून शिवलेली लांबट गुंडाळी. तिला हाताने कसाही बाक देता येतो, पिन आतल्या केसांत अडकते आणि हलत नाही, रंग आपल्या केसांशी जुळतो, आणि वजन इतकं कमी की थोड्या वेळाने डोक्यावर काही आहे हे विसरायला होतं. मी काकींना मोबाईलवर पोर्ट्रेट दाखवलं तर आधी त्यांनी विचारलं, "बेन, नाटक माटे जोईए छे?" मी म्हटलं नाही काकी, गरब्याला करून जाता येईल असं हवंय. मग त्यांनी फोटो मोठा करून नीट बघितला आणि एका अखंड गुंडाळीऐवजी दोन छोट्या काढून दिल्या, म्हणाल्या मधे जागा सोडली तरच ते टोक खाली येईल. अगदी बरोबर होतं ते! अखंड गुंडाळीवर पुढे नुसता पफ दिसतो, दोन वेगळ्या असल्या की बदाम दिसतो. त्यांना एलिझाबेथ कोण याच्याशी देणंघेणं नव्हतं, पण केसाखाली काय ठेवलं की वर काय दिसतं हे त्यांच्या बोटांना माहिती आहे.

दुसरी गोष्ट आकडे आणि यू-पिना. इथे जुन्या पद्धतीचे जाड, लांब आकडे मिळतात, आपल्या आज्या अंबाड्याला लावायच्या ते. नवीन पिना दिसायला छान असतात पण पातळ, जरा जोर लावला की वाकतात. मी आता आत जाड आकडे आणि वर पातळ पिना असंच करते. पहिल्या स्टाईलमध्ये मुळाजवळ फक्त बोटभर क्रिम्पिंग (गरम यंत्राने बारीक नागमोडी घड्या) करून घेते, म्हणजे केसाला खरखरीतपणा येतो आणि पिन धरते, मग दोन्ही गुंडाळ्या कानशिलांवर बसवून केस त्यांच्यावरून मागे न्यायचे, मधला भाग सपाट ठेवून टोक काढायचं, आणि मागे एकदम साधी लो पोनीटेल. मागे साधंच ठेवायचं, हे महत्त्वाचं आहे. पुढे एवढं सगळं असताना मागे पण कर्ल्स आणि फुलं लावली की ती परत नाटकातली राणी होते. अजून एक सांगते, त्या काळी कपाळ मोठं दिसावं म्हणून बायका पुढचे केस उपटून काढायच्या. ते आज कुणी करू नये, करायची गरजही नाही, केस मुळापासून वर उचलले की कपाळ आपोआप मोकळं होतं. ज्यांचं कपाळ आधीच मोठं आहे त्यांना हे मधलं टोक फार छान दिसतं, थोडं खाली आणायचं फक्त. गोल चेहरा असेल तर फुगवटा बाजूंना पसरवायचा नाही, वरच्या दिशेने न्यायचा.

डमीबद्दल, म्हणजे सरावासाठीचं केसांचं खोटं डोकं. ऑनलाईन स्वस्तात मिळतात त्या डमीचे केस बहुतेक नायलॉनचे किंवा तसल्याच सिंथेटिकचे असतात, त्यांना क्रिम्पर लावला की वितळून चिकटतात, आणि या काळाच्या स्टाईलला क्रिम्पर आणि टाँगशिवाय (कर्ल करायच्या गरम दांडीशिवाय) चालत नाही. काका खऱ्या केसांची डमी मागवून देतात, दोन-अडीच हजारांपर्यंत जाते, विद्यार्थ्यांना ते महाग आहे हे मान्य, पण दोघीतिघींनी मिळून घेतली तर परवडते आणि वर्षभर टिकते. तरी टेम्परेचर १८० अंश सेल्सिअसच्या वर नेऊ नका, डमीचे केस परत उगवत नाहीत. तोपर्यंत खऱ्या केसांच्या गंगावनावर प्रॅक्टिस करा, ते टेबलाला क्लॅम्पने अडकवलं की फ्रिझिंग (केस बारीक कुरळे करून फुगवणं) आणि कर्ल्सचा हात बसतो. माझा पुढच्या फ्रिझचा सगळा सराव असाच झालाय. खोट्या केसांचं कुणाला कमीपणाचं वाटत असेल तर स्कॉटलंडच्या राणी मेरीचं ऐका, ८ फेब्रुवारी १५८७ ला तिचा शिरच्छेद झाला तेव्हा जल्लादाने केसांना धरून डोकं उचललं आणि हातात फक्त विग राहिला, खाली तिचे स्वतःचे केस आखूड आणि पिकलेले होते. एलिझाबेथ स्वतः उतारवयात लालसर सोनेरी विग वापरायची. म्हणजे जे आपण पोर्ट्रेटमध्ये बघतो त्यातलं बरंचसं गंगावनच आहे.

आता गरब्याचा भाग, मला सगळ्यात जास्त हेच सांगायचंय. वडोदऱ्यात नवरात्रात हवा दमट असते आणि नाचून नाचून घामाने डोकं ओलं होतं. टाँगने केलेला कर्ल हा केसातल्या हायड्रोजन बॉन्डवर उभा असतो, ओलावा लागला की ते बॉन्ड सुटतात आणि कर्ल उतरतो, कितीही स्प्रे मारा. म्हणून गरब्याला बहुतेक मुली शेवटी वेणी किंवा घट्ट बनच करतात. पण एलिझाबेथन पद्धतीत उंची कर्लवर अवलंबून नाही, आतल्या टेकूवर आहे! दुसऱ्या स्टाईलला मी १५९० च्या दशकातला तो उंच आकार घेतला, एलिझाबेथच्या डिचली पोर्ट्रेटमध्ये दिसतो तसा, साधारण १५९२ चं आहे ते, फक्त उंची निम्म्याहून कमी ठेवली. काकींकडची फुलं बांधायची कापड गुंडाळलेली तार घेऊन तिचा छोटा कमानीसारखा आकार केला, टोकं आत वळवून कापडाने झाकली (हे अजिबात विसरू नका, नाहीतर डोक्याला टोचतं), तिच्यावर पातळ स्टफिंग शिवलं आणि वर फ्रिझ केलेले केस घेतले. मावसबहिणीला असं करून गरब्याला पाठवलं. मध्यंतरापर्यंत पुढचं फ्रिझ थोडं बसलं होतं, पण आकार जसाच्या तसा होता, रात्री घरी आली तेव्हाही कमान हलली नव्हती. इंग्लंडच्या थंडीत जन्मलेली पद्धत आपल्याकडच्या घामात टिकते याचा मला फार आनंद झाला, आणि कारण एकच, आतलं सामान चांगलं होतं.

जाळीही इथूनच घेतली. त्या काळी बायका मागचे केस जाळीदार पिशवीत घालायच्या, श्रीमंतांच्या जाळीत सोन्याची जर आणि मोती. तिसरी स्टाईल मी त्यावरून केली, खाली मानेवर मोकळा सैल अंबाडा, त्यावर रेशमी दोऱ्याची जाळी आणि प्रत्येक गाठीला नाही तर एक सोडून एक मोती. नऊवारीवर सुद्धा सुरेख दिसते. आईने बघितल्या बघितल्या विचारलं की मामाच्या मुलीच्या लग्नात मला करशील का. दुकानातल्या तयार जाळ्या नायलॉनच्या आणि जरा चकाकणाऱ्या आहेत, पण मॅट काळी मागितली तर आतून काढून देतात.

मोती मात्र इथे घेऊ नका. वजनाला हलके, छिद्राजवळ रंग उडालेला, आणि हेअर स्प्रे लागला की वरचा थर चिकट होतो. या काळाच्या स्टाईलमध्ये मोती खराब असून चालत नाही, कारण एलिझाबेथचं आर्माडा पोर्ट्रेट बघितलं तर केसांत सगळीकडे मोतीच आहेत, एलिझाबेथला मोत्यांचं इतकं वेड की १५६८ मध्ये तिने मेरीचे मोत्यांचे सर विकत घेतले. आणि आपण तर बडोद्याचे आहोत, खंडेराव महाराजांनी १८६० च्या दशकात मोत्यांचा अख्खा गालिचा करवून घेतला त्या गावात प्लास्टिकचे सोललेले मोती लावून प्रेझेंटेशन द्यायचं म्हणजे बरं नाही वाटत. काचेचे मोती इमिटेशन ज्वेलरीच्या सामानवाल्यांकडे मिळतात, थोडे महाग पडतात, वजन असतं म्हणून नीट लोंबतात. जाळीला शिवताना नायलॉनचा दोरा वापरा.

बाकी तक्रारी म्हणजे दुकानात दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याला जागा नाही, केसांचं सामान एकदा घेतलं की बदलून मिळत नाही (स्वच्छतेच्या दृष्टीने ते योग्यच आहे, पण आधी उजेडात नेऊन रंग जुळवून बघा, आतल्या ट्यूबलाईटमध्ये तपकिरी आणि काळा एकच दिसतो), आणि गाडी लावायला जवळपास कुठेच जागा नाही, लांब लावून चालत या. भाव करायचा प्रयत्न केला तर काका ऐकत नाहीत, पण कोर्सचं आयकार्ड दाखवलं की स्वतःहून थोडे कमी करतात. स्टफिंगची जोडी शंभराच्या आतबाहेर, आकड्यांचं पाकीट त्याहून बरंच स्वस्त, गंगावन लांबीप्रमाणे.

नवरात्राच्या आधीच्या आठवड्यात जाऊ नका, काकींना तेव्हा बोलायला वेळ नसतो आणि त्यांच्याशी बोलल्याशिवाय अर्धा फायदा नाही. श्राद्धपक्ष सुरू व्हायच्या आधी, सकाळी दुकान उघडल्या उघडल्या जा, डमी सोबत असेल तर तीच घेऊन जा, काउंटरवर ठेवून स्टफिंग बसवून बघू देतात. आणि "दोन छोट्या, केसांच्या" असं स्पष्ट सांगा, नाहीतर नवीन गिऱ्हाईक समजून आधी स्पंजचाच डोनट पुढे करतात.