सालदाराची पोरं, पावरी बोली आणि आमच्या गावची जि.प. शाळा (५ पैकी ४ स्टार)

चोपडा तालुका, केळी पट्टा, पहिली ते चौथीची शाळा. मागच्या आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आमच्याकडे नवा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा शेतगडी, लागला, मध्यप्रदेशातल्या सेंधव्याकडचा पावरा आदिवासी, सोबत बायको, सहा वर्षांचा पोरगा आणि आठ वर्षांची पोरगी. घरात पावरी बोलतात, थोडी हिंदी, मराठी अजिबात नाही. जूनमधे शाळा उघडली तर आई म्हणे पोरीला इथली बोली कळत नाही, राहू द्या घरीच. मला ते सहन होईना कारण मी पण फक्त अहिराणी घेऊन पहिलीत गेलो होतो, "मनी पाटी" (माझी पाटी) म्हटलं की वर्ग हसायचा आणि दिवाळीपर्यंत मी तोंड उघडलं नव्हतं.

आधी तालुक्याच्या एका खाजगी शाळेत नेलं, तिथं खिडकीवरूनच परत पाठवलं, जन्मदाखला नाही, भाषा येत नाही, उशीर झाला. तीनही कारणं चुकीची. शिक्षण हक्क कायदा २००९ वाचून घ्या, कलम १४ म्हणतं वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, कलम १५ म्हणतं वर्ष सुरू झालं तरी नाकारता येत नाही, आणि भाषा येत नाही म्हणून पोराला परत पाठवा असं तर त्यात कुठंच नाही.

मग गावच्या शाळेत आलो. आमच्याकडे कागद काय तर मध्यप्रदेश सरकारची समग्र आयडी (तिकडचा कुटुंबनोंदणीचा नंबर) आणि पोरीचा हिंदीतला दुसरीचा निकाल. सरांनी बापाला बसवलं, वय विचारलं, लिहून घेतलं, खाली अंगठा, झालं अ‍ॅडमिशन, पुस्तकं पण त्याच दिवशी. एकच अडलं, सर म्हणे मराठी येत नाही तर मोठीला पण पहिलीत टाकू. मी म्हटलं सर नका, धाकट्या भावाशेजारी बसवली तर ती पंधरा दिवसात यायची बंद होईल, कलम ४ मधे वयानुसार वर्ग द्यायचा आणि मागं राहिलेलं वेगळं शिकवून भरून काढायचं असं आहे. सरांनी मोबाईलवर काढून वाचलं आणि तिसरीत बसवली. ऐकून घेणारा माणूस आहे.

खरी गोष्ट पुढची. अडीच महिने पोरगी वर्गात एक शब्द बोलली नाही. गावातल्या एकदोघांनी विचारलं मुकी आहे का. सरांनी तिला उभं करून कधी वाचायला लावलं नाही, म्हणे ऐकतेय ती, ऐकू द्या. चौथीत एक पावऱ्याचीच पोरगी आहे जी तीन वर्षांपासून इथं शिकते, तिच्या शेजारी बसवलं, गणितं आधी दिली कारण आकड्यांना बोली लागत नाही, आणि भिंतीवर चित्रं लावून खाली दोन दोन शब्द लिहिले, एक मराठी एक पावरी, पावरी शब्द पोरांनाच विचारून. हिंदीमुळे अक्षरं तिला येत होतीच, फक्त ळ नवीन होता. पहिला मराठी शब्द तिनं आपणहून लिहिला तो केळी. वहीचं ते पान बापानं मला बागेत आणून दाखवलं, त्याला स्वतःला वाचता येत नाही.

लहान्याचं सोपं गेलं, खिचडीच्या रांगेत आणि गोट्या खेळता खेळताच शिकला, आता माझ्याशी अहिराणीत भांडतो.

बाहेरगावची पोरं टाकणार असाल तर एक लक्षात ठेवा. होळीच्या आधी भोंगऱ्याला, म्हणजे आदिवासींच्या सणाच्या बाजाराला, ही सगळी मंडळी गावी जातात, आठ पंधरा दिवस. सरांना आधीच सांगून ठेवा म्हणजे गैरहजर गैरहजर करत नाव कमी व्हायला नको. आमची पोरगी परत आली तेव्हा सरांनी तिला भोंगऱ्याचा बाजार आधी पावरीत सांगायला लावला मग मराठीत, आणि त्या दिवशी ती थांबतच नव्हती.

एक स्टार कापला तो सरांचा नाही. दुसऱ्या शिक्षकाची जागा रिकामी आहे, चार वर्ग एकट्यानं सांभाळून अशा पोरांना वेगळा वेळ द्यायचा म्हणजे शाळा सुटल्यावर थांबूनच, आणि ते थांबतात. जागा भरली की पाचवा स्टार टाकीन.