बूच तुटल्यानंतर: स्मॉल बॅच बर्बनचा नऊ महिन्यांचा अनुभव

मार्चमधल्या एका शुक्रवारी रात्री बाटली उघडताना वरची लाकडी टोपी माझ्या हातात आली आणि तिला चिकटलेले बूच बाटलीच्या गळ्यातच राहिले. स्क्रूने ओढून पाहिले, तेव्हा त्याचा भुगा झाला आणि अर्ध्याहून अधिक तुकडे आतल्या व्हिस्कीत पडले. बाटलीत त्या वेळी सुमारे ४०० मिली व्हिस्की शिल्लक होती. या बाटलीचे नाव मी लिहीत नाही, कारण एका बुचावरून एखाद्या डिस्टिलरीची परीक्षा करणे मला न्याय्य वाटत नाही. मात्र तिच्यासाठी मी ५८ डॉलर मोजले होते आणि त्यामुळे ती ओतून देण्याचा प्रश्नच नव्हता. हा अभिप्राय मी खरे तर ऑक्टोबरमध्ये घेतलेल्या दुसऱ्या दोन बाटल्यांविषयी, म्हणजे फोर रोझेस स्मॉल बॅच आणि एलायजा क्रेग स्मॉल बॅच यांच्याविषयी लिहिणार होतो. परंतु त्या रात्रीनंतर जे करावे लागले, त्यातून बर्बनची, म्हणजे मुख्यतः मक्यापासून बनणाऱ्या अमेरिकी व्हिस्कीची, पारख करण्याची माझी पद्धतच बदलली, म्हणून दोन्ही गोष्टी एकत्र लिहीत आहे.

आम्ही अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, लुइव्हिलमध्ये राहतो. बर्बनची बहुतेक मोठी घराणी येथून तास-दीड तासाच्या अंतरावर आहेत आणि त्यामुळे दुकानात निवड करणे सोपे होण्याऐवजी अवघड होते. माझे प्रमाण ठरलेले आहे: शुक्रवारी आणि शनिवारी ३० मिलीचे एकच माप, बर्फाशिवाय, जेवणापूर्वी. ७५० मिलीच्या बाटलीत अशी पंचवीस मापे बसतात. फोर रोझेसला मी ३३ डॉलर दिले होते, म्हणजे एका संध्याकाळचा खर्च १ डॉलर ३२ सेंट. तुटलेल्या बुचाच्या बाटलीचा हाच हिशोब २ डॉलर ३२ सेंट होतो. हा आकडा प्रत्येक वेळी माझ्या डोक्यात असतो आणि चव ठरवताना तो बाजूला ठेवता येतो, असा दावा मी करणार नाही.

बर्बनची मूलभूत माहिती वाचकांना असेल, असे मी धरून चालतो: किमान ५१ टक्के मका, आतून जाळलेली नवी ओकची पिंपे, बाटलीत किमान ४० टक्के अल्कोहोल. या सगळ्या गोष्टी अमेरिकी नियमांत काटेकोरपणे लिहिलेल्या आहेत. स्ट्रेट बर्बन, म्हणजे किमान दोन वर्षे मुरलेली बर्बन, चार वर्षांपेक्षा कमी मुरलेली असेल, तर तिचे वय लेबलवर छापावेच लागते. १८९७ च्या बॉटल्ड-इन-बॉन्ड कायद्याने तर एकच डिस्टिलरी, एकच हंगाम, किमान चार वर्षे आणि नेमके ५० टक्के अल्कोहोल इतक्या अटी घातल्या आहेत. असे असताना ‘स्मॉल बॅच’, म्हणजे मोजकी पिंपे एकत्र मिसळून केलेला लहान घाणा, या दोन शब्दांना मात्र कायद्यात कोणतीही व्याख्या नाही. जिम बीम यांचे नातू बुकर नो यांच्या नावाची बर्बन जिम बीम कंपनीने १९८८ मध्ये बाजारात आणली आणि १९९२ मध्ये त्याच कंपनीने बुकर्स, बेकर्स, बेसिल हेडन आणि नॉब क्रीक या चार बर्बनचा स्मॉल बॅच संच काढला. तेथून हा शब्द सर्वत्र पसरला. आज वीस पिंपे एकत्र करणाऱ्यालाही तो छापता येतो आणि दोनशे पिंपे एकत्र करणाऱ्यालाही. मुरलेल्या एका पिंपातून साधारण दीडशे ते दोनशे बाटल्या निघतात असे धरले, तर दोनशे पिंपांच्या ‘लहान’ घाण्यातून तीस ते चाळीस हजार बाटल्या होतील. घाणा मोठा असण्याला माझी हरकत नाही. पिंपांची संख्या लेबलवर छापावी, एवढीच माझी मागणी आहे. ती अवास्तव नाही, कारण बर्बन पिणारा माणूस आकडे वाचतो. २०१३ मध्ये मेकर्स मार्क या बर्बन कंपनीने अल्कोहोलचे प्रमाण ४५ वरून ४२ टक्क्यांवर आणण्याचे जाहीर केले, तेव्हा ग्राहकांचा विरोध इतका तीव्र होता की काही दिवसांतच तो निर्णय मागे घ्यावा लागला.

लेबल काहीही सांगत नसेल, तर पारख जिभेवरच येते, आणि येथे माझी पहिली चूक झाली. ऑक्टोबरमध्ये एलायजा क्रेगची बाटली उघडली, त्या दिवशीच्या नोंदीत मी लिहिले आहे: जळजळ, ओले लाकूड, बाकी काही नाही. दोन आठवड्यांनंतर तीच बाटली मला इतकी वेगळी लागली की मी वही काढून पहिल्या दिवसाची नोंद पुन्हा वाचली. पहिल्या संध्याकाळी दुपारच्या मिसळीचा आणि लसणाच्या चटणीचा तिखटपणा तोंडात शिल्लक होता. ४७ टक्क्यांची व्हिस्की अशा जिभेवर केवळ आगच वाटणार. तेव्हापासून जेवणापूर्वीचा नियम पाळतो, आधी साधी पोळी आणि पाणी घेतो आणि पहिला घोट निर्णयासाठी धरत नाही, कारण त्या घोटाला तोंडाला अल्कोहोलची सवय लावण्यापलीकडे काही जमत नाही. दुसरा घोट बुकर नो करीत असत तसा तोंडभर घोळवून, चावल्यासारखा घ्यावा. पेला ट्यूलिपच्या आकाराचा, वर निमुळता असावा आणि वास घेताना तोंड किंचित उघडे ठेवावे, नाहीतर नाकात अल्कोहोलशिवाय काहीच शिरत नाही.

एलायजा क्रेगमध्ये ७८ टक्के मका, १० टक्के राय हे धान्य आणि १२ टक्के माल्ट केलेले, म्हणजे मोड आणून वाळवलेले, सातू असतात. नोव्हेंबरनंतर तिच्यात मला सातत्याने शेंगदाण्याच्या चिक्कीचा वास येत राहिला: गूळ पाकावर आलेला, किंचित करपण्याच्या बेतात असलेला. इंग्रजी वर्णनांत यासाठी टॉफी आणि बटरस्कॉच हे शब्द वापरतात. ते मी अनेक महिने प्रामाणिकपणे शोधत होतो आणि मला ते सापडत नव्हते. चिक्की हा शब्द सुचला त्या दिवशी सगळे जागेवर बसले. ओकचे पिंप आतून जाळताना लाकडातल्या साखरेचा कॅरॅमल होतो आणि लिग्निन या लाकडातल्याच घटकातून व्हॅनिलाच्या वासाचे व्हॅनिलिन सुटते. ओकमधल्या लॅक्टोन नावाच्या द्रव्याचा वास खोबऱ्यासारखा असतो. मला तो ओल्या नारळाचा न येता परतलेल्या सुक्या खोबऱ्याचा, करंजीच्या सारणासारखा येतो. पाच मिली पाणी घातले, तर ३० मिलीचे माप साधारण ४० टक्क्यांवर येते आणि तेव्हा लवंग आणि जायफळ पुढे येतात. मात्र चवीचा शेवट तुरट होतो आणि म्हणून मी दोन-तीन मिलीच्या पुढे जात नाही. एकेकाळी या बाटलीवर १२ वर्षांचे वय छापलेले असे. २०१६ मध्ये ते काढले गेले. चव मला आवडली असली, तरी एक आकडा कमी झाल्याची खंत उरतेच.

फोर रोझेसचा अनुभव याच्या उलट होता. पहिल्या दिवशी ती इतकी सरळ आणि गुळगुळीत लागली की मी तिला साधी ठरवली. पिकलेले पेअर, थोडा मध, मागून मिरीसारखी हलकी चुरचुर, बस. तिची रचना वाचल्यावर मी अधिक लक्ष देऊ लागलो. या डिस्टिलरीकडे धान्यांची दोन मिश्रणे आहेत, एकात २० टक्के राय आणि दुसऱ्यात ३५ टक्के. यीस्ट पाच प्रकारचे आहेत, म्हणजे एकूण दहा बर्बन होतात. स्मॉल बॅचमध्ये त्यांपैकी चार मिसळतात: दोन्ही मिश्रणे, प्रत्येकी दोन यीस्टसह, त्यातले एक फळांचा गडद स्वाद देणारे आणि दुसरे हलका मसाला देणारे. शिवाय त्यांची गोदामे एकमजली आहेत. उंच गोदामांत वरच्या मजल्यावरची पिंपे उन्हाळ्यात अधिक तापतात आणि खालच्यांहून फार वेगळी मुरतात. एकमजली गोदामात हा फरक कमी राहतो. जानेवारीपर्यंत माझे मत पूर्ण बदलले होते. जिला मी साधी म्हटले, तिच्यात काहीही दुसऱ्यावर कुरघोडी करीत नव्हते. फळ आधी येते, मसाला नंतर, आणि घोट गिळल्यावर भाजलेल्या कणसाचा गोडवा मिनिटभर तोंडात राहतो. ४५ टक्के असूनही तिला पाणी लागत नाही. नेहमीच्या वापराची बाटली म्हणून मी तिला एलायजा क्रेगच्या वर ठेवतो. मात्र थंडीच्या रात्री, एकच माप अर्धा तास पुरवायचे असेल, तर हात एलायजा क्रेगकडेच जातो.

आता पुन्हा बुचाकडे येतो. वाइनची बाटली आडवी ठेवतात, व्हिस्कीची उभी ठेवावी लागते, कारण तीव्र अल्कोहोल बुचाला सतत भिडले तर बूच खराब होते. पण उभ्या बाटलीचे बूच कोरडे पडते, आणि माझी फळी हीटरच्या झडपेच्या वर होती. केंटकीच्या हिवाळ्यात पाच महिने गरम, कोरडी हवा त्या बुचाला लागत होती. दुकानात चौकशी केली, तेव्हा उघडलेली बाटली परत घेता येत नाही, असे सांगण्यात आले. मी चढ्या आवाजात वाद घातला आणि त्याचे मला समाधान नाही, कारण समोरच्या मुलाच्या हातात काहीच नव्हते. कंपनीला पत्र पाठवल्यावर काचेवर कोरलेला क्रमांक आणि तुकड्यांचे छायाचित्र मागवले गेले आणि तीन आठवड्यांनी एक नवे बूच टपालाने आले. बाटली बदलून मिळाली नाही. ५८ डॉलरच्या बाटलीला हिवाळा सोसून टिकेल असे बूच असावे, या माझ्या मतात त्यामुळे काहीही फरक पडलेला नाही.

दरम्यान, मी ती व्हिस्की कॉफीच्या गाळण-कागदातून गाळली. बुचाचा भुगा निघाला, वीसेक मिली कागदाने प्यायली. उरलेल्यातली २०० मिली मी एका लहान बाटलीत काठोकाठ भरली. बाकीची सुमारे १८० मिली जुन्याच मोठ्या बाटलीत परत ओतून दुसऱ्या एका बाटलीचे बूच लावले. तेव्हा प्रयोगाचा कोणताही हेतू नव्हता. लहान बाटली एकच होती, एवढेच कारण. जूनमध्ये मोठ्या बाटलीतले माप घेतले, तर व्हॅनिला आणि संत्र्याच्या सालीचा जो वास मला या बर्बनमध्ये सर्वाधिक आवडत असे, तो जवळजवळ गेला होता. जळजळही कमी झाली होती, हे कबूल करायला हवे. पण मागे उरला होता तो लाकडाचा तुरटपणा आणि कोरड्या पुठ्ठ्यासारखी चव. लहान बाटली उघडली, तर मार्चमधली व्हिस्की जशीच्या तशी होती.

स्वतःवर विश्वास ठेवणे योग्य नव्हते, म्हणून पत्नीने पाच संध्याकाळी मला तीन-तीन पेले दिले, प्रत्येकात १५ मिली. दोन एका बाटलीतले, एक दुसरीतला, कोणता ते सांगायचे नाही. वेगळा पेला मी पाचपैकी चार वेळा बरोबर ओळखला. निव्वळ अंदाजाने तीनातून एकदाच जमले असते. याच पद्धतीने फोर रोझेसचीही परीक्षा घेता आली. ऑक्टोबरमध्ये बाटली उघडली त्याच दिवशी एका मित्रासाठी १०० मिलीची कुपी भरून ठेवली होती, मित्राचे येणे झाले नाही आणि कुपी तशीच राहिली होती. पहिली बाटली मे महिन्यात संपली, जूनमध्ये नवी आणली आणि जुनी कुपी तिच्याशी दहा-दहा मिलीच्या पेल्यांनी ताडून पाहिली. येथे पाचपैकी दोनच वेळा ओळखता आले, म्हणजे मला फरक कळला नाही. आठ महिन्यांच्या अंतराने विकत घेतलेल्या दोन बाटल्या माझ्या जिभेला एकसारख्या वाटतात आणि तीन महिने हवेत राहिलेली एकच व्हिस्की वेगळी वाटते, हे कळल्यावर ‘स्मॉल बॅच’विषयीचा माझा राग काहीसा मवाळ झाला आहे. पिंपांचा आकडा छापावा ही मागणी मात्र मी सोडलेली नाही.

भारतातून विचारणा होते, म्हणून एवढेच सांगतो की फेब्रुवारी २०२५ मध्ये बर्बनवरचे आयात शुल्क १५० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर आले आणि विमानाने येणाऱ्या प्रवाशाला दोन लिटर मद्य शुल्काशिवाय आणता येते. कोणी पुण्या-मुंबईला घेऊन जाणार असेल, तर मी फोर रोझेस सुचवेन. एलायजा क्रेगला थंड हवा आणि सवड लागते. बाटली कोणतीही असो, अर्धी झाली की व्हिस्की लहान बाटलीत काठोकाठ भरून ठेवावी, आणि नवी बाटली उघडल्यावर निदान तीन वेळा, वेगवेगळ्या दिवशी, रिकाम्या तोंडाने चाखल्याशिवाय तिच्याविषयी काही लिहू नये.

फळी आता हीटरपासून दूर, जिन्याखालच्या कपाटात हलवली आहे. संपलेल्या दोन्ही बाटल्यांची बुचे धुऊन एका डबीत ठेवली आहेत आणि टपालाने आलेले नवे बूचही त्यांच्याबरोबरच आहे. लहान बाटलीत सुमारे ८० मिली उरली होती. ती मी आणखी लहान कुपीत भरली असून दिवाळीत पुन्हा चाखणार आहे.