गिब्सन हाऊस, बॉस्टन: दिवाणखाना छान, पण खरं बघायचंय ते स्वयंपाकघर

बीकन स्ट्रीटवर १३७ नंबरला हे घर आहे, आता म्युझियम, आत गाइडेड टूरनेच जाता येतं. पण दारात शिरायच्या आधी रस्ता ओलांडून पलीकडे उभे रहा आणि शेजारचं १३५ पण बघून घ्या, कारण ही दोन घरं १८५९-६० मधे जोडीनेच बांधलेली आहेत, आर्किटेक्ट एडवर्ड क्लार्क कॅबट, लाल वीट, तपकिरी दगड, मधली भिंत सामाईक. एकट्या १३७ कडे बघून डिझाइनचा अंदाजच येत नाही.

प्लॉट घेतला कॅथरिन गिब्सन नावाच्या विधवा बाईंनी, स्वतःच्या नावावर, १८५९ मधे, म्हणजे डेरिंगच म्हणायचं. जमीन तरी कसली, सगळी भरती-ओहोटीची दलदल, बॉस्टनजवळच्या नीडहॅम गावाहून रेल्वेने खडी-माती आणून भराव टाकलेला. मुंबईकराला भरावाचं काय कौतुक, पण खाली लाकडी खुंट ठोकून त्यावर ही घरं उभी आहेत म्हटल्यावर बाबांनी दोनदा विचारलं, "लाकडी?"

आत शिरल्या शिरल्या भिंतींना सोनेरी, उठावाचा जपानी वॉलपेपर, चामड्यासारखा दिसतो. वर मांजरीसाठी मखरासारखं घर (श्रीमंतांचे लाड!). पण आई रमली ती खाली स्वयंपाकघरात, ओतीव लोखंडाची भलीमोठी कोळशाची शेगडी आणि जेवण वर खेचायची छोटी लिफ्ट बघत. नोकरांचा जिना वेगळा. म्हणजे वरचा थाट कुणाच्या जिवावर चालायचा ते इथे कळतं, आणि बाकीच्या अशा घरांत हाच भाग पहिला पाडला जातो, म्हणून माझ्या मते याचं महत्त्व दिवाणखान्यापेक्षा जास्त.

हे सगळं टिकलं कसं, तर कॅथरिनबाईंचे नातू चार्ल्स ज्युनियर यांच्या हट्टामुळे. जिवंतपणीच त्यांनी घर म्युझियम करायचं ठरवलं आणि फर्निचरला दोऱ्या बांधल्या, पाहुणे आले की जिन्यावर बसायचं आणि घरी बनवलेली जिन प्यायची, असं सांगतात. १९५४ ला ते गेले, १९५७ ला म्युझियम उघडलं, २००१ मधे नॅशनल हिस्टॉरिक लँडमार्कचा (म्हणजे अमेरिकन सरकारने ठरवलेल्या राष्ट्रीय महत्त्वाच्या वास्तूचा) दर्जा मिळाला.

माझ्याकडून साडेचार स्टार. जिने भरपूर आहेत आणि माणसांसाठी लिफ्ट नाही, तेव्हा ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी जरा विचार करून जा, आणि टूरच्या वेळा आधी वेबसाइटवर बघा.