ब्लोअर घेताना: हाताचे कॉक की बटनं?

द्राक्षासाठी ब्लोअर (पंख्याच्या हवेने औषध फवारणारं यंत्र) घ्यायला निघालेला शेतकरी टाकी, पंप आणि फॅन यांची चौकशी करूनच दुकानात येतो, त्यामुळे ते इथे सांगत बसत नाही. एक प्रश्न मात्र शेवटी घाईत उरकला जातो. फवाऱ्याची डावी-उजवी बाजू बंद-चालू करायला हाताचे कॉक (तोट्या) घ्यायचे, की मागचे मोटरचे व्हॉल्व्ह चालवणारी सीटजवळची बटनं? बटनांना पैसे जास्त पडतात, म्हणून बरेच जण कॉकवर थांबतात. मीही थांबलो होतो. सात हंगाम कॉक वापरले, गेले तीन हंगाम बटनं वापरतोय. बाग तीन एकर, वाय आकाराचा मांडव, 9 बाय 5 फुटांची लागवड, लहान ट्रॅक्टर आणि मागे ओढायचा 600 लिटरचा ब्लोअर. तुमची मांडणी वेगळी असेल तर थोडं कमी-जास्त धरा.

हाताच्या कॉकचं चांगलं आधी सांगतो. त्यात बिघडण्यासारखं फारसं काही नसतं. गळायला लागला तर ओ-रिंग (आतलं रबरी कडं) बदलायची. ती तालुक्याला मिळते, आणि पाना हातात असला की काम तिथेच होतं. ट्रॅक्टरची बॅटरी मेली तरी धक्का मारून निघता येतं. ऑक्टोबर छाटणीनंतर पोंगा-फुलोऱ्याच्या, म्हणजे कोवळ्या फुटीच्या आणि फुलांच्या, दिवसांत पाऊस झाला आणि पानं रात्रभर ओली राहिली, तर डावणी हा बुरशीसारखा रोग थांबत नाही. सकाळी ब्लोअर बागेत जायलाच हवा. अशा दिवशी साध्या यंत्राचा आधार वाटतो, हे मी आजही मानतो.

पण मग ओळीचं टोक येतं. कॉक सीटच्या मागे. एक हात स्टिअरिंगवर, आतल्या चाकाचा ब्रेक दाबलेला, मांडवाच्या ताणाच्या तारेपासून डोकं वाचवायचं, आणि त्याच क्षणी दुसरा हात मागे घालून दांडा चाचपायचा. मान वळवली की तोंड सरळ औषधाच्या धुक्यात. मास्क असला तरी वळताना तो गालापासून सुटतो. कॉक आधी बंद केला तर शेवटची दोन झाडं कोरडी राहतात, उशिरा केला तर औषध बांधावर जातं. डावणीचे पहिले डाग माझ्या बागेत बहुतेक वेळा टोकाच्या झाडांवरच दिसले, आणि मला तरी त्याचं कारण हेच वाटतं. पीटीओ (ट्रॅक्टरच्या ताकदीवर ब्लोअर फिरवणारा शाफ्ट) बंद करून वळण्याचाही प्रयोग केला. फॅन जड असतो, तो लगेच थांबत नाही, आणि दर ओळीला तो पुन्हा फिरवायचा म्हणजे गिअरबॉक्सवर ताण. ते सोडून दिलं.

वाया जाणाऱ्या औषधाचा एक अंदाज देतो. 9 फुटी अंतराने 200 फुटांच्या ओळी धरल्या तर एकराला 24 ओळी, म्हणजे वळायची 24 टोकं होतात. एकरी 400 लिटर पाणी मारताना ताशी 4 किलोमीटरच्या चालीला सेकंदाला साधारण 300 मिली औषध बाहेर पडतं. दर टोकाला दोन सेकंद उशीर झाला तर एकरी 14 लिटरच्या आसपास बांधावर. पैशात ते फार मोठं नाही.

मला लागलं ते वेगळंच. आमच्या बांधापलीकडे शेजारच्या काकांचा घास असतो. एका संध्याकाळी वळताना हात दांड्यापर्यंत पोचला नाही आणि फवारा घासावर गेला. मी ट्रॅक्टर थांबवून सांगायला गेलो. काका काही बोलले नाहीत. विळ्याने तेवढा पट्टा कापला आणि बाजूला टाकला. दोन गायींची त्या दिवसाची वैरण होती ती. पुढच्या हंगामाआधी मी बटनं बसवली.

आता अंगठा मडगार्डवरच्या बटनावर आणि नजर पुढे. मोटरचा व्हॉल्व्ह बंद व्हायला क्षणभर घेतो, म्हणून शेवटच्या झाडाच्या जरा आधी दाबायचं. हा अंदाज एक-दोन फवारण्यांत बसतो. काकांच्या बांधालगतच्या ओळीला बाहेरची बाजू बंद ठेवून फक्त आतून मारतो. कॉकनेही हे जमतं, पण मागे वळून डावा कुठला, उजवा कुठला या घाईत माझ्याकडून चूक व्हायची. एक बाजू बंद केली की दुसरीकडचा दाब चढतो, तेवढा गेजवर पाहून घ्यावा. जादा औषध टाकीत परत सोडण्याची सोय असलेला सेट मिळाला तर तोच घ्या.

आणखी एक फरक दुकानात कुणी सांगत नाही. हाताचा कॉक सीटजवळ आणायचा म्हणजे दाबाखालची औषधाची नळी तुमच्या पाठीशी आणायची. माझ्या कॉकच्या मुळाशी बोर्डोच्या (मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकाच्या) चुन्याने ओ-रिंग झिजायची आणि हातमोजा ओला व्हायचा. बटनांच्या सेटमध्ये सीटपर्यंत येते ती फक्त वायर.

बटनांचा त्रास लपवणार नाही. व्हॉल्व्ह मागे, धुक्यातच असतात. पहिल्याच वर्षी बोर्डोच्या फवारणीनंतर जोडणीच्या पिना हिरव्या पडल्या आणि डावी बाजू उघडी अडकली. त्या दिवशी उरलेली बाग मुख्य कॉकवर मारली. तेव्हापासून पिनांना व्हॅसलीन लावतो, प्लग तोंड खाली करून बांधतो, फवारणी संपली की साध्या पाण्याने धुतो आणि जादा फ्यूज टूलबॉक्समध्ये ठेवतो. तसा त्रास पुन्हा झालेला नाही. घेताना मात्र एवढं विचाराच: वीज गेली तर व्हॉल्व्ह हाताने फिरवता येतो का? येत नसेल तर तो सेट घेऊ नये असं माझं मत आहे.

एकर-दीड एकराची बाग असेल, टोकाला वळायला ऐसपैस रस्ता असेल आणि बांधापलीकडे पडीक असेल, तर हाताचे कॉक चालतील. उरलेले पैसे चांगल्या नोझलला घाला. बाकीच्यांनी विकत घेण्याआधी ब्लोअर आपल्याच ट्रॅक्टरला जोडून घ्यावा, मास्क-हातमोजे घालून सीटवर बसावं आणि नजर समोर ठेवून दांड्यापर्यंत हात पोचतो का ते पाहावं.